कानउघाडणी

मराठी भाषेने कानावर कामाचे ओझे फार टाकले आहे. कोणी कोणाचे कान भरतो, कोणी कानाडोळा करतो, कोणी एखादी गोष्ट वडिलांच्या कानांवर घालतो, आणि वडीलधारी मंडळी धाकट्यांची कानउघाडणी करतात. शाळामास्तरांच्या वाट्याला यांतील शेवटची क्रिया विशेष येते. तीस वर्षे ती आम्ही इमानेइतबारे केली. पुढे आमच्याच कानउघाडणीचा, आणि तोही शब्दशः, योग आला. त्याची ही हकीकत.

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला. पाणी ओसरले, तरी बडोद्याच्या हवेतील ओल कित्येक दिवस हटली नाही. नागरवाड्यातील आमच्या जुन्या घराच्या भिंतींना त्या वर्षी दिवाळीपर्यंत दमट वास येत होता. त्याच दिवसांतील एका रात्री सारे निजानीज झाल्यावर आम्हांस एक बारीक, अखंड किणकिण ऐकू येऊ लागली. प्रथम वाटले, रातकिडे असतील. मग वाटले, कोपऱ्यावरील विजेचा डबा गुणगुणत असेल. उठून खिडकी लावली. नाद कमी न होता उलट वाढलाच.

"तुला काही ऐकू येते का?" आम्ही सौभाग्यवतींना उठवून विचारले.

"तुमचे बोलणे ऐकू येते. झोपा आता," त्या म्हणाल्या.

तेव्हा उमगले की हा नाद बाहेरचा नव्हे, आमच्याच कानांतला आहे. आणि उमगताच आम्ही भ्यालो. या भीतीला कारण होते. आमचे वडील गाण्याचे वेडे. ज्या बडोद्यात १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, ज्या दरबाराचे उस्ताद फैयाज खाँ भूषण होते, त्या गावच्या रसिकाला कानाची किंमत काय वाटत असेल ते सांगावयास नको. उतारवयात वडिलांच्या कानांत असाच नाद सुरू झाला, आणि पाठोपाठ ऐकणे गेले. अखेरच्या वर्षांत ते रेडिओ लावून समोर बसत, मान मात्र डोलत नसे. ते चित्र डोळ्यांपुढे उभे राहिले, आणि आम्ही ठरविले की हे कोणास सांगावयाचे नाही.

मनुष्य आजार लपवू लागला की स्वतःचा वैद्य होतो. आम्ही प्रथम कापूस लावलेल्या काडीने कान कोरले. मग सौभाग्यवतींची केसांची पिन चोरून वापरली. त्यानेही भागेना, तेव्हा लसूण कडवलेले तेल कोमट करून दोन्ही कानांत घातले. परिणाम असा झाला की चार दिवसांत उजव्या कानाला पुरते दडे बसले आणि डावा खाजू लागला. किणकिण होती, तिची आता घूं-घूं झाली. प्रार्थनेच्या वेळी मुले गात असत आणि आम्हांस ती विहिरीच्या तळाशी गात आहेत असे वाटे. शिक्षक काही सांगावयास आले की आम्ही "लिहून द्या" म्हणू लागलो. मुख्याध्यापक अलीकडे फार तुसडे झाले आहेत, असे शिक्षकांच्या खोलीत बोलले जाऊ लागले. तेही आम्हांस ऐकू आले नाही, पुढे कळले.

अखेर सौभाग्यवतींनीच आम्हांस कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेले. तेथे पाच मिनिटांत जे दिसले ते असे. उजव्या कानात मळाचा गडद, घट्ट बोळा कर्णपटलापर्यंत जाऊन बसलेला; तो आम्हीच काडीने ठासून आत लोटला होता. डाव्या कानात बुरशी. भिजलेल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखी, वर काळे ठिपके. पिनेने झालेली ओरखड, त्यात तेल, त्यात पावसाळ्याची ओल. बुरशीला आणखी काय हवे?

डॉक्टरांनी कागदावर कानाचे चित्र काढून जे समजावून दिले, ते वाचकांसही उपयोगी पडेल म्हणून येथे देतो. बाहेरच्या छिद्रापासून पडद्यापर्यंतची कानाची वाट मोठ्या माणसात सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. मळ तयार होतो तो तिच्या बाहेरच्या भागातच. ज्याला आपण घाण समजतो तो मळ वस्तुतः कानाचा पहारेकरी आहे. तो धूळ अडवितो, त्वचा मऊ ठेवतो, आणि किंचित आम्ल असल्यामुळे जंतूंना व बुरशीला सहज थारा देत नाही. वाटेतील त्वचा आतून बाहेर हळूहळू सरकत असते, जेवताना-बोलताना जबडा हलतो, आणि जुना मळ आपोआप बाहेर येतो. निसर्गाने केरवारा स्वतःकडे ठेवला आहे. आपण काडी घालतो तेव्हा उंबऱ्यापर्यंत आलेला केर माजघरात लोटतो, एवढेच.

मग नाद का होतो? कर्णपटलाच्या पलीकडे हातोडी, ऐरण आणि रिकीब यांच्या आकाराची तीन इवली हाडे आहेत. ती आवाजाचा कंप शंखासारख्या वळणदार अंतःकर्णात पोचवितात, तेथील सूक्ष्म केसांच्या पेशी त्याचा संदेश मज्जातंतूला देतात, आणि ऐकण्याचे खरे काम मेंदू करतो. वाटेत बोळा बसला, सूज आली किंवा पडद्यामागे पाणी साठले की बाहेरचा आवाज थिटा पडतो. मेंदू मात्र ऐकण्याची ओढ सोडीत नाही. लग्नघरातील पाहुणे निघून गेल्यावर एरवी कधी न जाणवलेली घड्याळाची टिकटिक ऐकू यावी, तसा शरीराच्या आतलाच गुणगुणाट त्याला ऐकू येऊ लागतो. अडथळा दूर झाला की हा नाद बहुधा ओसरतो.

आपल्या पूर्वजांनी हे विकार बारकाईने पाहिले होते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले आहेत. त्यांत कानातील नाद आहे, घट्ट झालेला मळ आहे, कान वाहणे आहे आणि खाजही आहे. माधवनिदानात कर्णनादाचे वर्णन करताना भेरी, मृदंग आणि शंख यांच्या ध्वनीची आठवण केली आहे. आमच्या वाट्याला यांपैकी एकही वाद्य आले नाही, नुसती घूं-घूं आली. पण आपले दुखणे इतके जुने आहे याचा थोडा धीर वाटला.

उपचार साधेच निघाले. उजव्या कानात मळ मऊ करणारे थेंब काही दिवस घालून मग शरीराच्या उष्णतेइतक्या कोमट पाण्याने तो धुऊन काढला. पाणी फार थंड वा फार ऊन असेल तर भोवळ येते. आणि पडद्याला छिद्र असेल वा कान वाहत असेल तर असे धुणे वर्ज्य. म्हणूनच हे घरी करावयाचे काम नव्हे. डाव्या कानातील बुरशी यंत्राने ओढून काढली, औषध दिले, आणि कान कोरडा ठेवण्याची सक्त ताकीद मिळाली. बोळा निघाला त्या क्षणी रस्त्यावरील रिक्षाचा भोंगा असा काही कानात शिरला की आम्ही खुर्चीतच दचकलो.

डॉक्टर हात पुसत सहज म्हणाले, "मास्तर, इतके दिवस मुलांचे ऐकू येत नव्हते, मग वर्गात चालत कसे होते?"

प्रश्न साधा होता. पण त्यासरशी आम्हांस सातवीच्या वर्गातील मागच्या बाकावरील एक मुलगा आठवला.

सातवीचा एक तास आम्ही स्वतः घेतो. हा मुलगा प्रश्न विचारला की उभा राहून नुसता पाहत असे. कधी भलतेच उत्तर देई आणि वर्ग हसे. "लक्ष कुठे आहे?" असे आम्ही त्यास किती वेळा विचारले असेल, त्याची गणती नाही. शेवटी लक्ष न देणाऱ्यांची जागा म्हणून त्यास मागे बसविले होते. दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर त्यास जवळ बोलाविले. त्याच्या पाठीशी उभे राहून हलक्या आवाजात त्याचे नाव घेतले. तो हलला नाही. पुन्हा घेतले. हलला नाही. समोर येऊन विचारले, "बाळ, कानात काही होते का रे?"

तो म्हणाला, "शिट्टी वाजते, सर. सगळ्यांच्याच कानात वाजते ना?"

वाचकहो, या प्रश्नाला आमच्या एम.ए.च्या पदवीत उत्तर नव्हते.

त्याच्या आईस बोलाविले. त्या म्हणाल्या, "दर पावसाळ्यात कान फुटतो त्याचा, सर. सासूबाई म्हणतात, मोठा झाला की बंद होईल. तोवर तेल घालतो." सयाजी रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात त्यास दाखविले. सर्दी घशातून कानाकडे जाणाऱ्या नळीवाटे मध्यकर्णात जाते. लहान मुलांत ही नळी आखूड आणि आडवी असल्याने ते अधिक घडते. तेथे पू होतो, पडदा फुटतो, आणि वारंवार तसे झाले की छिद्र कायमचे राहते. या मुलाचे दोन्ही पडदे तसे झाले होते. ज्यास आम्ही बेफिकीर म्हणत होतो, तो मुलगा दोन वर्षे आमच्या ओठांकडे पाहून अर्धामुर्धा धडा शिकत होता; आणि आम्ही त्यास मागे बसवून तेही काढून घेतले होते.

शाळेतील मुलांच्या तपासणीची सोय नाही असे नव्हे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात कान वाहणे आणि कमी ऐकू येणे या दोहोंचीही तपासणी आहे. तपासणीच्या दिवशी हा मुलगा गैरहजर होता. गैरहजर मुलांची यादी करून पुढे पाठविणे हे आमचे काम; ते आम्ही केले नव्हते. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, ही गोष्ट आम्ही दरवर्षी अभिमानाने मुलांस सांगतो. मुलाला बाकावर आणून बसविणे ही त्या कार्याची पहिली पायरी झाली. बसलेल्याला ऐकू येते की नाही हे पाहणे ही दुसरी, आणि ती आमच्यासारख्यांची आहे.

आता आपल्या घरोघरच्या माणसांसाठी चार शब्द. कानात काडी, पिन, किल्ली, काहीही घालू नये. गल्लीतून फिरणाऱ्या कान साफ करणाऱ्यांच्या सळईखाली आपला पडदा देऊ नये. वाहत्या कानात तेल, लसणाचा रस, कोणाच्या घरी उरलेले थेंब घालू नयेत. पडद्याला छिद्र असेल तर काही थेंब अंतःकर्णासही अपाय करतात. पावसाळ्यात वा पोहून आल्यावर कान बाहेरून टिपून कोरडे करावेत. नाद सुरू झाला तर प्रथम कानात पाहून घ्यावे. मळ वा संसर्ग असेल तर तो बरा होणारा विकार आहे. ज्यांचे कान वय, मोठे आवाज किंवा काही औषधे यांमुळे आतून दुबळे झाले असतील, त्यांचा नाद मळ काढून जाणार नाही. त्यांनी ऐकण्याची तपासणी करून घ्यावी. श्रवणयंत्राने अशांपैकी अनेकांचा नादही सुसह्य होतो. मात्र एकाच कानात टिकून राहणारा नाद, नाडीच्या ठोक्याबरोबर चालणारा नाद, सोबत भोवळ, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे, यांपैकी काही असल्यास वाट पाहू नये. एकाएकी ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तेथे दिवसांना किंमत असते.

त्या मुलाचे कान औषधांनी कोरडे झाले. २०२५ च्या उन्हाळी सुट्टीत एका कानाच्या पडद्यावर शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्याची पुढे व्हावयाची आहे. पहिल्या बाकावर बसविल्यापासून तो उत्तरे देतो. काही चुकतातही, पण ती प्रश्नाचीच उत्तरे असतात. अलीकडे वर्गात तो बडबड फार करतो अशी तक्रार आमच्याकडे आली. ती ऐकून आम्हांस जो आनंद झाला तो शिक्षकांना दाखविणे शिस्तीच्या दृष्टीने योग्य नव्हते.

आणि आमचे काय? घूं-घूं गेली. परंतु खरे सांगावयाचे तर रात्री नागरवाडा निजल्यावर डाव्या कानात एक अगदी बारीक किणकिण अजून ऐकू येते. डॉक्टर म्हणाले, तेवढी वयाची. तिच्याशी मैत्री करा. वडिलांच्या त्या रेडिओची आठवण येते, पण आता पूर्वीसारखी भीती वाटत नाही. दर सहा महिन्यांनी ऐकणे तपासून घेतो. आणि ती किणकिण ऐकू आली की उद्याच्या वर्गात मागच्या बाकावर कोण बसले आहे, ते एकवार आठवून पाहतो.