लंडन ते पॅरिस : अंतर एक, वेळा अनेक

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "सर, मुलीकडे लंडनला चाललोय, तिथून पॅरिसला जाऊन यायचंय. जाताना विमान दहाला सुटतं, सव्वाबाराला पोचतं. येताना दोनला सुटतं आणि सव्वादोनला पोचतं! हे कसं?" आजचं व्याख्यान या प्रश्नावरच करू.

आधी अंतर बघू. पृथ्वीच्या गोलावर लंडन आणि पॅरिस यांच्यामध्ये दोरा ताणून धरला, तर अंतर भरतं सुमारे ३४५ किलोमीटर. प्रवासी विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरा. शाळेतल्या गणितानं उत्तर येतं साधारण २६ मिनिटं. हे उत्तर चुकीचं नाही, पण त्याचा उपयोगही नाही. कारण इतक्या जवळच्या प्रवासात विमान वर चढतं न चढतं तोच खाली उतरायला लागतं. पूर्ण वेगानं जायला त्याला वेळच मिळत नाही. शिवाय वेळापत्रकातली वेळ उड्डाणापासून मोजत नाहीत. विमान जागेवरून हललं की मोजणी सुरू होते आणि तिकडे जागेवर थांबलं की संपते. म्हणून वेळापत्रक म्हणतं, सव्वा तास.

आता प्रवाशाचा वेळ बघा. हीथ्रो विमानतळ लंडनच्या पश्चिमेला वीसेक किलोमीटरवर, शार्ल द गोल पॅरिसच्या ईशान्येला पंचवीसेक किलोमीटरवर. जाणं, तपासणी, रांगा धरल्या तर घरापासून घरापर्यंत चार तास सहज जातात. समुद्राखालच्या बोगद्यातून जाणारी रेल्वे सुमारे सव्वादोन तासांत थेट शहरातून शहरात नेते, ती म्हणूनच विमानाला भारी पडते.

मग तो एक तास कुठला? पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे आहे, हे उत्तर झालं. पण का पुढे? पॅरिस ग्रिनिचच्या पूर्वेला फक्त सव्वादोन अंशांवर आहे. सूर्याच्या हिशेबानं फरक पडतो ९ मिनिटं २१ सेकंदांचा. १९११ साली फ्रान्सनं नेमकी तेवढीच वेळ मागे घेतली आणि लंडनशी घड्याळ जुळवलं. पुढे जून १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या आणि शहराची घड्याळं बर्लिनप्रमाणे एक तास पुढे केली गेली. युद्ध संपलं, फौजा गेल्या, तो तास मात्र राहिला. म्हणजे तुमच्या तिकिटावरचा तास भूगोलानं दिलेला नाही, इतिहासानं दिलेला आहे.

आँरी बर्गसाँ हा पॅरिसचाच तत्त्वज्ञ. घड्याळानं मोजलेला काळ वेगळा आणि आपण जगतो तो काळ वेगळा, हे त्यानं १८८९च्या प्रबंधात मांडलं. जानेवारी १९४१ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या शहरात जेत्यांचं घड्याळ चालत होतं. विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

तेव्हा त्या गृहस्थांना माझं उत्तर असं : सुटण्याची वेळ पोचण्याच्या वेळेतून वजा करू नका, दोन्ही वेळा आपापल्या गावच्या आहेत. आधी दोन्ही एकाच घड्याळावर आणा, मग वजाबाकी करा. आणि 'किती वेळ लागतो' असं कुणी विचारलं, तर आधी त्याला विचारा, "कुठपासून कुठपर्यंत, आणि कोणाच्या घड्याळानं?" एवढं विचारायची सवय लागली, तरी तत्त्वज्ञानाची सुरुवात झाली म्हणायची.