दिवस भरत आलेली कारागीर भगिनी आणि आपला व्यापार

भडगावच्या आठवडे बाजारात सकाळी फेरी मारली तर बांगड्यांची दुकाने मांडून बसलेल्या मणियार घरातल्या भगिनी दिसतात. गिऱ्हाईकाचा हात हातात घ्यायचा, बोटे दाबून हाताचे माप पाहायचे आणि काच न फुटू देता बांगडी चढवायची, हे काम दिसते तितके सोपे नाही. त्यासाठी तासन् तास मांडी घालून, पुढे वाकून बसावे लागते. एखाद्या घरी डोहाळजेवण असले की हिरवा चुडा भरायला त्यांना बोलावणे येते. तिथे सातव्या महिन्यातल्या सुनेला पाटावर बसवतात, तिची ओटी भरतात, तिला काय खावेसे वाटते ते विचारतात. चुडा भरणारी स्वतः आठव्या महिन्यात असली तरी ती आपले पैसे मोजून घेते, बांगड्यांची पेटी उचलते आणि उन्हातून घरी परतते. यात कोणाचा दुष्टपणा असतो असे मी म्हणणार नाही. तिचेही दिवस मोजावेत, हे कोणाच्या मनातच येत नाही.

वाचक बंधूंनो, व्यापाराच्या पानावर हा विषय कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. पण आपल्यातले जे तयार कपडे, गणवेश, परकर, गाद्या-रजया, फॉल-पिको असल्या धंद्यात आहेत, त्यांचा निम्मा माल कोणाच्या हातून तयार होतो ते त्यांनी आपल्या वहीत पाहावे. ते हात घरात बसून काम करतात. त्यांना हजेरीपत्रक नाही आणि पगारही नाही. नगावर किंवा डझनावर हिशेब होतो. ज्या दिवशी मशीन बंद, त्या दिवशी कमाई बंद. अशा घरात गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने कसे जातात, हे माल देणाऱ्याला कळले पाहिजे.

शिलाई करणाऱ्या भगिनीचाच दिवस घ्या. पहाटे उठून पाणी भरायचे. नळाला पाणी येणार असेल त्या दिवशी बाकीची सगळी कामे मागे पडतात. मोठ्या मुलांना शाळेत आणि मदरशात पाठवायचे, नवऱ्याचा डबा करायचा. तो जिनिंगमध्ये हमाली करत असेल, नाहीतर हातगाडीवर केळी विकत असेल. मग दहाच्या सुमारास मशीनवर बसायचे. सातव्या महिन्यानंतर पोट मशीनच्या फळीला लागू लागते, म्हणून ती तिरकी बसते. तिरके बसले की कंबर एका बाजूने भरून येते. पायडल मारून संध्याकाळपर्यंत पाय सुजतात, चपलेत जात नाहीत. कापड बेतायचे ते जमिनीवर, म्हणजे ओणवे होऊन. वीज गेली की मोटार थांबते, पंखाही थांबतो. खानदेशच्या मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो. पत्र्याच्या घरात दुपारी दोन वाजता काय अवस्था होत असेल ते सांगायला नको. रात्री सगळे झोपले की ती काज-बटण करायला बसते, कारण ते मांडीवर घेऊन करता येते.

पहिल्या खेपेला मुलगी सातव्या महिन्यात माहेरी जाते आणि तेवढी सुटते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला माहेर लांबते. सासूबाई धडधाकट असल्या तर ठीक. कापूस वेचणीला जाणाऱ्या भगिनींची स्थिती याहून कठीण आहे. कमरेला झोळी बांधून किलोवर मजुरी. पण तो विषय वेगळा आहे, पुन्हा कधी लिहीन.

आता एक गोष्ट सांगतो. ती माझ्याच पेढीवरची आहे, म्हणून सांगताना संकोच वाटतो. २०२३ सालच्या मे महिन्यात शाळेच्या गणवेशांची एक ऑर्डर आमच्याकडे होती. शाळा १५ जूनला उघडणार, म्हणजे माल दहा तारखेपर्यंत हवा. आमच्याकडे शिवणारी एक मुलगी वर्षानुवर्षे चोख काम देत आली होती. दिवसाला आठ शर्ट तिच्या हातून सहज उतरत. मी साठ शर्टांचे कापड बेतून पाठवले. ती आठव्या महिन्यात आहे हे मला ठाऊक होते, नव्हते असे म्हणू शकत नाही. "चाचा, थोडे कमी द्या," असे ती दारातून म्हणालीही होती. मी म्हटले, "बेटी, तूच वेळेवर देतेस, दुसऱ्या कोणावर भरवसा नाही." हे ऐकून ती गप्प बसली. मला ते कौतुक वाटले होते. तिच्यावर ते ओझे झाले.

तिसऱ्या आठवड्यात तिच्या चेहऱ्यावर आणि हातांवर सूज आली, डोके दुखू लागले. चार दिवस तिने ते अंगावर काढले, कारण तेवीस शर्ट बाकी होते. शेवटी रक्तदाब इतका वाढला की इथल्या डॉक्टरांनी रात्रीच तिला जळगावला पाठवले. पन्नास-साठ किलोमीटरचा रस्ता. बाळ दिवसांआधी झाले, दोन किलोच्या आत भरले. अल्लाहच्या कृपेने दोघेही सुखरूप आहेत. पण तिसऱ्या दिवशी मी काय केले? दुकानातल्या पोराला तिच्या घरी पाठवून अर्धवट गठ्ठा परत मागवला. तिच्या सासूबाईंनी तो घडी करून, वर मोजलेली बटणे ठेवून परत दिला. एकही बटण कमी नव्हते.

त्यानंतर मी वही काढून बसलो. माझ्या लक्षात आले की नुकसान माझेही झाले होते. तेवीस शर्ट आयत्या वेळी दुसरीकडे शिवून घेताना जास्त दर द्यावा लागला आणि कॉलर एकसारखी आली नाही म्हणून शाळेने कुरकुर केली ती निराळीच. तिला एप्रिलमध्येच विचारून तीस शर्ट दिले असते आणि बाकीचे दोघींत वाटले असते, तर काहीच बिघडले नसते.

कायदा याबाबत काय म्हणतो, हेही पाहिले पाहिजे. १९२८ साली मुंबई कायदे मंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे आणि तिच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकानेही त्याचा काही भार उचलावा, असा त्यांचा रोख होता. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. आपला खानदेश तेव्हा त्याच प्रांतात होता. पुढे १९६१ मध्ये सबंध देशासाठी कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. दोन मुले आधीच असतील तर मात्र बाराच आठवडे. आता या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. ज्यांच्या दुकानात किंवा कारखान्यात दहा किंवा अधिक माणसे कामाला आहेत त्यांना ती बांधील आहे. आधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम केलेल्या स्त्रीला ही रजा द्यावीच लागते. बाळंतपणानंतर सहा आठवडे तिला कामावर ठेवता येत नाही. शेवटच्या महिन्यांत फार वेळ उभे राहण्याचे किंवा जड काम नको असे तिने सांगितले, तर ठरावीक मुदतीत ते देता येत नाही.

सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. आपल्या घरांत बाळंतिणीचा चाळीसा पाळतात, शेजारच्या हिंदू घरांत सव्वा महिना. आजीला जे ठाऊक होते तेच कायद्याने लिहिले.

पण घरी बसून नगावर शिवणारी, बांगड्या विकणारी, रजई भरणारी यांना ही रजा मिळत नाही, कारण कागदोपत्री ती कोणाचीच नोकर नाही. असंघटित कामगारांसाठी प्रसूती लाभाच्या योजना आखाव्यात, असे संहितेत लिहिले आहे खरे. घरी काम करणाऱ्यांबद्दल १९९६ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने एक करार केला, त्यात मातृत्वाच्या संरक्षणाचाही उल्लेख आहे. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. तेव्हा आजच्या घडीला तिची सुट्टी ठरवणारा माणूस एकच, तिला माल देणारा व्यापारी. म्हणजे आपण.

पुण्याचे एक उदाहरण सर्वांना माहीत असेल. मीनल डाखवे भोसले या शास्त्रज्ञ भगिनीने मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या तपासणीचा पहिला देशी संच तयार करण्याचे काम आपल्या गटासह सहा आठवड्यांत पूर्ण केले. संच तपासणीसाठी सोपवल्यानंतर लगेच त्यांची प्रसूती झाली, मुलगी झाली. वर्तमानपत्रांनी त्यांच्या जिद्दीचे कौतुक केले ते योग्यच. पण त्यांच्या मागे दहा जणांचा गट होता, हे आपण व्यापाऱ्यांनी लक्षात घ्यावे. एकीचे काम अडले तर दुसरे हात पुढे येत होते. आपल्या शिवणाऱ्या भगिनीच्या मागे कोण असते? एक बंद पडलेला पंखा.

म्हणून गेल्या दोन हंगामांपासून आमच्या पेढीवर आम्ही पद्धत बदलली. सातवा महिना लागला की माल निम्मा द्यायचा आणि मुदत दुप्पट. बेतलेले कापड आम्हीच बेतून पाठवतो, म्हणजे तिला ओणवे व्हावे लागत नाही. जड गठ्ठा दुकानातला पोरगा नेतो आणि आणतो. नवव्या महिन्यात फक्त काज-बटण आणि तेही तिने स्वतः मागितले तर. मजुरी मात्र गठ्ठा पूर्ण होण्याची वाट न पाहता आठवड्याला चुकती करायची, कारण सोनोग्राफीचे आणि रिक्षाचे पैसे आठवड्यालाच लागतात. उचल द्यायची ती चाळीसाव्यानंतर हळूहळू फेडून घ्यायची. तिची जागा दुसऱ्या बाईला कायमची द्यायची नाही, हे तिला तोंडी नव्हे तर वहीत लिहून दाखवायचे. ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरली. काम हातचे जाईल या भीतीनेच या मुली दुखणे लपवतात. एका जुन्या मशीनला आम्ही मोटार बसवून दिली, तिचा खर्च एका हंगामात निघाला.

रमजानच्या दिवसांत तर विशेष जपायला हवे. ईदच्या कपड्यांची सर्वांत जास्त घाई त्याच महिन्यात असते. स्वतःला किंवा बाळाला अपाय होण्याची भीती असेल तर गरोदर भगिनीला रोजे पुढे ढकलण्याची सवलत शरीअतने दिली आहे. अल्लाहने सवलत दिली आणि व्यापाऱ्याने मुदत दिली नाही, असे आपल्याकडून होऊ नये.

घरच्या पुरुषांसाठी थोडे व्यवहाराचे सांगतो. पहिल्या अपत्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत दोन हप्त्यांत पाच हजार रुपये मिळतात, आणि दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. ई-श्रम कार्ड असले तर पात्रता दाखवणे सोपे जाते. बँक खाते तिच्या स्वतःच्या नावाचे आणि आधारशी जोडलेले हवे. नवऱ्याच्या खात्यावर भागत नाही. नोंदणी आशाताईकडे किंवा अंगणवाडीत लवकर करावी. शेवटच्या महिन्यात कागद गोळा करत फिरणे म्हणजे पुन्हा तिचीच पायपीट. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, लागले तर ऑपरेशनसुद्धा, मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची डॉक्टरांकडून तपासणी होते. त्या तारखेला माल मागायला माणूस पाठवू नये, ही व्यापारी बंधूंना विनंती.

लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेतल्या तर फारशा लागू पडत नाहीत आणि आपल्या शिवणाऱ्या भगिनी तर चहावरच दिवस काढतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. तासभर बसले की उठून चार पावले चालावे. पायाखाली पाट ठेवावा. चेहरा सुजला, डोके सारखे दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, रक्त किंवा पाणी गेले, बाळाची हालचाल मंदावली, तर शर्ट मशीनवर तसाच सोडून दवाखाना गाठावा. १०८ किंवा १०२ वर फोन केला की गाडी येते. हे आकडे मशीनच्या वर भिंतीवर लिहून ठेवले तर बरे. आम्ही गठ्ठ्यासोबत जी चिठ्ठी देतो तिच्या मागे ते छापून घेतले आहेत.

ती साठ शर्टांची मुलगी त्या वर्षी दोन महिन्यांनी दुकानात आली. बाळ सासूबाईंच्या कडेवर होते. मी काय बोलावे ते मला सुचेना. तिनेच विचारले, "चाचा, दिवाळीचे काम कधी निघणार?" मी तिला विचारले, किती देऊ? पूर्वी हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "आधी पंधरा साड्यांचे फॉल द्या. बाळ झोळीत किती वेळ झोपते ते बघून पुढचे सांगते."