मानाचं पान, वेगळी पंगत

फेब्रुवारी १९६८. गायिका अरीथा फ्रँकलिन पंचविशीत होती. १६ तारखेला डेट्रॉइटच्या कोबो हॉलमध्ये तिचा कार्यक्रम होता आणि शहराच्या महापौरांनी तो दिवस ‘अरीथा फ्रँकलिन दिन’ म्हणून जाहीर केला होता. आपल्या संघटनेतर्फे तिला मानचिन्ह द्यायला मार्टिन ल्यूथर किंग स्वतः आले होते. त्यांचा घसा बसला होता. ज्या माणसाच्या आवाजाने देश हलवला, त्याला त्या रात्री धड बोलता येत नव्हतं, तरी ते मंचावर उभे राहिले. त्यानंतर १३ दिवसांनी, २९ तारखेला, ‘रिस्पेक्ट’ या गाण्यासाठी अरीथाला तिची पहिली दोन ग्रॅमी पारितोषिकं मिळाली. पुढच्या पाच आठवड्यांत किंग यांची हत्या झाली. ती मेम्फिसमध्ये झाली, म्हणजे अरीथाच्या जन्मगावी.

एकाच महिन्यातले हे दोन सन्मान शेजारी ठेवून पाहिले, तर पुढच्या ५० वर्षांतल्या तिच्या सगळ्या मानमरातबाचा अर्थ लावायला सोपं जातं. एक घरच्यांनी दिलेला, दुसरा बाहेरच्यांनी. घरच्यांनी देताना काही हातचं राखून ठेवलं नाही. बाहेरच्यांनी दिलं भरपूर, पण कुठे बसवून दिलं ते बघण्यासारखं आहे.

घर म्हणजे डेट्रॉइटमधलं न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्च. अरीथाचे वडील सी. एल. फ्रँकलिन तिथले धर्मोपदेशक. त्यांच्या प्रवचनांच्या ध्वनिमुद्रिका निघत आणि खपत. मेहेलिया जॅक्सन, क्लारा वॉर्ड अशा गॉस्पेल गायिकांचं घरी येणंजाणं होतं. किंग तर कौटुंबिक स्नेही. जून १९६३ मध्ये डेट्रॉइटला निघालेल्या ज्या मोर्चात किंग यांनी आपल्या गाजलेल्या ‘स्वप्न’ भाषणाचं आधीचं रूप ऐकवलं, त्याच्या आयोजकांत वडील पुढे होते. या वातावरणात वाढलेल्या मुलीला ‘सोलची सम्राज्ञी’ ही पदवी कुण्या परीक्षक मंडळाने दिलेली नाही. साठच्या दशकात शिकागोच्या रीगल थिएटरमध्ये पर्विस स्पॅन या रेडिओ निवेदकाने कार्यक्रमात तिच्या डोक्यावर चक्क मुकुट ठेवला. समोर बसलेल्या कृष्णवर्णीय प्रेक्षकांनी तो मान्य केला आणि मरेपर्यंत तो कुणी काढला नाही.

आता ग्रॅमी. एकूण पारितोषिकं १८, नामांकनं ४४. हे आकडे प्रत्येक मृत्युलेखात येतात आणि वाचणारा दिपून पुढे जातो. त्यांची फोड क्वचितच कुणी करतं. १८ पैकी ११ ‘रिदम अँड ब्लूज’मधल्या स्त्री-गायनाची, तीन गॉस्पेलची, उरलेली चारही रिदम अँड ब्लूजच्याच उपविभागांतली. सर्वोत्कृष्ट अल्बम, सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रण, सर्वोत्कृष्ट गीत, नवोदित कलाकार या ग्रॅमीच्या चार मुख्य विभागांत शून्य. स्त्री-गायनाचा तो विभाग १९६८ मध्येच सुरू झाला आणि १९७५ पर्यंत सलग आठ वर्षं तो तिच्याकडेच राहिला. आपल्याकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये: पान मानाचं, वाढप भरपूर, आग्रहही होतोय, फक्त पंगत वेगळी.

ही पंगत कुणी मांडली, याचीही एक गंमत आहे. कृष्णवर्णीयांच्या ध्वनिमुद्रिकांच्या खपाची यादी ‘बिलबोर्ड’ साप्ताहिक १९४९ पर्यंत उघडपणे वंशाच्या नावाने छापत असे. ते नाव बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ करावं, असं तिथल्या एका तरुण पत्रकाराने सुचवलं. त्याचं नाव जेरी वेक्स्लर. हाच वेक्स्लर पुढे अटलांटिक कंपनीत निर्माता झाला आणि कोलंबिया कंपनीत सहा वर्षं जॅझ आणि जुनी लोकप्रिय गाणी गात अडकलेल्या अरीथाला त्याने १९६७ च्या जानेवारीत अलाबामातल्या मसल शोल्सच्या स्टुडिओत नेऊन पियानोसमोर बसवलं. कोलंबियाच्या त्या वर्षांत तिला नाव घेण्याजोगा एकही सन्मान नाही. पियानोसमोर बसली आणि वर्षभरात सगळं आलं.

भेद निव्वळ कातडीचा होता असं म्हटलं, तर ते अर्धसत्य ठरेल. १९६८ चं सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रणाचं ग्रॅमी ‘फिफ्थ डायमेन्शन’ या कृष्णवर्णीय गटालाच मिळालं होतं. त्यांचं गाणं हवेत फुगा सोडावा तसं गोड आणि निरुपद्रवी होतं. ‘रिस्पेक्ट’ तसं नव्हतं. मूळ गाणं ओटिस रेडिंगचं, १९६५ चं. दमून घरी आलेल्या पुरुषाची बायकोकडे मागणी. अरीथाने तेच उलटं फिरवून बाईच्या तोंडी दिलं आणि ते नागरी हक्कांच्या चळवळीचं आणि स्त्रियांचंही गाणं झालं. चर्चमधली हाक त्या गाण्यात जशीच्या तशी होती. मुख्य पंगतीला ती हाक जड गेली असावी, असं माझं मत. १९७६ मध्ये तिची आठ वर्षांची मालिका नॅट किंग कोलच्या मुलीने, नॅटली कोलने तोडली आणि त्याच संध्याकाळी नॅटलीला मुख्य विभागातलं नवोदिताचं पारितोषिकही मिळालं.

पारितोषिकाकडे अरीथा स्वतः कशी बघायची, याचा एक प्रसंग १९७३ चा आहे. त्या वर्षी तिच्यासमोर एस्थर फिलिप्सचं नामांकन होतं. एस्थरने व्यसनाशी झगडत पुन्हा उभं राहून गायलेला अल्बम अरीथाला आपल्यापेक्षा सरस वाटला. जिंकलेलं ग्रॅमी तिने एस्थरला देऊन टाकलं. मराठी वाचकाला इथे लताबाई आठवणारच. पार्श्वगायकांना पारितोषिकच नाही म्हणून फिल्मफेअरच्या सोहळ्यात गायला नकार देणाऱ्या आणि १९७० च्या सुमारास, आता नव्यांना द्या, असं सांगून त्याच पारितोषिकातून बाजूला होणाऱ्या लताबाई. दोघींच्या कृतीत औदार्य आहेच; त्याबरोबर, याचा निवाडा करायचा अधिकार परीक्षकांपेक्षा आपल्याला जास्त आहे, हा ठाम विश्वासही आहे. तो मला औदार्यापेक्षा मोलाचा वाटतो.

१९८० नंतरचे सन्मान भराभर सांगता येतील. १९८५ मध्ये मिशिगन राज्याने तिचा आवाज ही राज्याची नैसर्गिक संपत्ती असल्याचं जाहीर केलं. सरोवरं आणि जंगलांच्या रांगेत एक गळा. जानेवारी १९८७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समाविष्ट होणारी ती पहिली स्त्री ठरली. आदल्या वर्षी, म्हणजे पहिल्याच वर्षी, तिथे निवडलेले सगळे कलाकार पुरुष होते. १९९१ मध्ये ग्रॅमीचा लेजंड पुरस्कार, १९९४ मध्ये जीवनगौरव आणि त्याच वर्षी केनेडी सेंटरचा सन्मान, तोही ५२ व्या वर्षी.

१९९८ च्या ग्रॅमी रात्रीवर मात्र थांबावं लागेल. ठिकाण न्यूयॉर्कचा रेडिओ सिटी म्युझिक हॉल, तारीख २५ फेब्रुवारी. लुचानो पावारोत्तीला त्या रात्री लेजंड पुरस्कार मिळणार होता आणि तो पुच्चिनीच्या ‘तुरानदोत’मधली ‘नेस्सुन दोर्मा’ ही प्रसिद्ध रचना गाणार होता. कार्यक्रम सुरू झाल्यावर त्याचा निरोप आला: घसा गेलाय, येत नाही. ऑर्केस्ट्रा तयार, स्वरलेखन पुरुष टेनरच्या पट्टीतलं, दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपण. अरीथा त्याच रात्री ‘रिस्पेक्ट’ गाऊन मोकळी झाली होती. दोनच दिवसांपूर्वी पावारोत्तीच्या सन्मानार्थ झालेल्या भोजनसमारंभात तिने हीच रचना म्हटली होती, म्हणून आयोजक धावत तिच्याकडे आले. पट्टी बदलायला वेळ नव्हता. तिने ती पावारोत्तीच्याच पट्टीत म्हटली, इटालियन शब्दांना गॉस्पेलच्या हरकती लावून. शुद्ध ऑपेरावाल्यांच्या भुवया उंचावल्या असतील, पण सभागृह उभं राहिलं. त्या गाण्याला कुठलंही पारितोषिक नाही, कारण ते कुठल्या विभागात बसवायचं हा प्रश्नच पडला असता. वर्षानुवर्षं तिला एका कप्प्यात ठेवणाऱ्या मंचावर तिने तो कप्पा आयत्या वेळी, कुणाच्या तरी अडचणीपायी, मोडून दाखवला.

राष्ट्राध्यक्षांचं म्हणाल तर दोन्ही पक्षांनी हात सैल सोडला. १९९९ मध्ये क्लिंटन यांनी राष्ट्रीय कला पदक दिलं. नोव्हेंबर २००५ मध्ये धाकट्या बुश यांनी स्वातंत्र्य पदक गळ्यात घातलं. त्या दिवशी रांगेत मुहम्मद अलीही होता. ओबामांच्या २००९ च्या शपथविधीला ती गायली तेव्हा गाण्याइतकीच चर्चा तिच्या भल्यामोठ्या राखाडी टोपीची झाली. विद्यापीठंही मागे राहिली नाहीत: येल २०१०, प्रिन्स्टन २०१२, हार्वर्ड २०१४. शाळा अर्धवट सोडलेल्या या बाईने हार्वर्डच्या पदवीदान समारंभात पियानोवर बसून राष्ट्रगीत म्हटलं आणि मग मानद डॉक्टरेट स्वीकारली.

पण पदकांनी भाडं भरलं जात नाही, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. अमेरिकेच्या कायद्यानुसार रेडिओवर गाणं वाजलं की मानधन गीतकार-संगीतकाराला मिळतं, गायकाला नाही. त्यामुळे ‘रिस्पेक्ट’ लाखो वेळा वाजलं, तरी त्याचे रेडिओचे पैसे रेडिंगच्या वारसांकडे गेले. अरीथा कार्यक्रमाचे पैसे अनेकदा आधी आणि रोख घ्यायची, पर्समध्ये ठेवायची आणि ती पर्स नजरेआड करायची नाही. तरुणपणी पाहिलेल्या कित्येक कृष्णवर्णीय कलाकारांची फसवणूक त्यामागे होती. २०१५ मध्ये केनेडी सेंटरला कॅरोल किंगच्या सन्मानार्थ गाताना तिने ओबामांच्या डोळ्यांत पाणी आणलं. त्या चित्रफितीत गाणं सुरू होण्याआधी ती पियानोवर काय ठेवते, ते जरूर बघा. (गायकांच्या रॉयल्टीसाठी लताबाईंनी साठच्या दशकात रफीसाहेबांशीही अबोला पत्करला होता. मोठ्या गायिकांना हिशेब कळत नाही, ही समजूत नेमकी कुणी पसरवली कोण जाणे.)

तिच्या १८ ग्रॅमींपैकी एकच निवडायचं, तर मी १९७३ चं गॉस्पेलचं निवडेन. जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये सलग दोन रात्री जेम्स क्लीव्हलँड आणि त्याच्या गायकवृंदाबरोबर ध्वनिमुद्रित केलेला ‘अमेझिंग ग्रेस’ हा अल्बम. कीर्तीच्या शिखरावर असताना ती पुन्हा चर्चमध्ये गेली आणि लाखोंनी प्रती खपल्या. सिडनी पोलॅकने त्याचं चित्रीकरणही केलं होतं, पण दृश्य आणि आवाज यांचा मेळ घालण्यासाठी लागणाऱ्या क्लॅपरच्या खुणाच केल्या नाहीत, आणि ते सगळं रीळ काही दशकं पडून राहिलं. तंत्र सुधारल्यावर चित्रपट तयार झाला, तेव्हा अरीथाच कोर्टात गेली. तो पडद्यावर आला २०१८ मध्ये, ती गेल्यानंतर. पहिल्या रांगेत बसलेले वडील त्यात दिसतात.

१६ ऑगस्ट २०१८ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने डेट्रॉइटमध्ये ती वारली. मग नावं देण्याची लाट आली: नदीकाठचं खुलं सभागृह, महामार्गाचा तुकडा. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाच्या सार्वकालिक गायकांच्या यादीत ती २००८ मध्ये पहिली होती, २०२३ च्या नव्या यादीतही पहिलीच. त्या दुसऱ्या यादीत लता मंगेशकर ८४ व्या क्रमांकावर आहेत. त्यावर आपल्याकडे काही दिवस रुसवेफुगवे झाले. ज्या मासिकाने त्यांना २००८ मध्ये शंभरातही घेतलं नव्हतं, त्याच्या मोजपट्टीवर इतकं रुसायचं कशाला, हे मला तेव्हाही कळलं नाही.

एप्रिल २०१९ मध्ये पुलित्झर मंडळाने तिला मरणोत्तर विशेष सन्मान जाहीर केला. हा मान व्यक्ती म्हणून मिळवणारी ती पहिली स्त्री. याच मंडळासमोर १९६५ मध्ये ड्यूक एलिंग्टनचं नाव आलं होतं. परीक्षकांनी विशेष सन्मानाची शिफारस केली होती आणि मंडळाने ती फेटाळली. एलिंग्टनला तो मिळाला १९९९ मध्ये, जाऊन २५ वर्षं झाल्यावर. अरीथाच्या बाबतीत मंडळाला आठ महिने लागले.