गावच्या व्यायामशाळेला काय घ्याल – मशीन की मोकळी वजने?

ग्रामसभेत हल्ली एक विषय हमखास निघतो. निवडणूक जवळ आली की जरा जास्तच निघतो. "पोरांसाठी जिम पाहिजे!" मग कोणीतरी पुरवठादाराचे रंगीत माहितीपुस्तक पुढे सरकवतो, चकचकीत मशीनची चित्रे हातोहात फिरतात आणि चहा येईपर्यंत ठराव मंजूर होतो. मशीन येते, नारळ फुटतो, फोटो निघतो. जुन्या तालमीतला दांडा, लोखंडी प्लेटा, डंबेल्स, मुद्गल मात्र कोपऱ्यात गंजत पडतात. विचारले तर उत्तर तयार असते, "त्यानं पोरं जायबंदी होतात. मशीन सेफ असतंय."

वाचकहो, ही गोष्ट अर्धी खरी आहे. पण अर्ध्या खऱ्या गोष्टीवर गावाचा पैसा खर्च करायचा तर उरलेला अर्धा भागही समजून घेतलेला बरा.

आधी फरक बघा. मशीनमध्ये वजन रुळावरून किंवा पुलीवरून चालते. तुम्ही बसायचे, दांडी धरायची आणि ढकलायची किंवा ओढायची. वजन कुठून कुठे जाणार, हे मशीन बनवणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेले असते. हे घाण्याच्या बैलासारखे झाले, रिंगण ठरलेले. मोकळ्या वजनाचे काम नांगराच्या बैलासारखे. ओढायचे तर आहेच, शिवाय तासही सरळ राखायचे. दांडा डावीकडे कलला तर तो सावरायला खांदा, कंबर, पोट, पायाचा घोटा सगळे कामाला लागते. मोकळ्या वजनाचा फायदा यातच आहे आणि धोकाही यातच.

धोक्याचे आकडे अमेरिकेचे आहेत, पण बोलके आहेत. तिथे १९९० ते २००७ या काळात वजनाच्या व्यायामात दुखापत होऊन तातडीच्या उपचारासाठी दवाखान्यात आलेल्यांचा अंदाज अभ्यासकांनी काढला. तो सुमारे ९ लाख ७० हजारांचा निघाला. त्यातल्या ९० टक्के दुखापती मोकळ्या वजनांच्या होत्या. म्हणजे मशीनवाल्यांचे म्हणणे खरे? थांबा जरा. त्या काळात किती लोक मशीनवर व्यायाम करत होते आणि किती मोकळ्या वजनांवर, हे या आकड्यांत येत नाही. ज्या रस्त्यावर गाड्या जास्त, तिथे अपघातही जास्त मोजले जाणार. महत्त्वाचा आकडा पुढचा आहे. सर्व दुखापतींपैकी सुमारे दोन तृतीयांश दुखापती वजन अंगावर पडल्याने झाल्या होत्या. शरीर मोडण्याइतका जोर लावून नव्हे, वजन निसटून! प्लेट पायावर पडली, डंबेल हातातून सुटले, बोट दोन प्लेटांत सापडले. खळ्यावर पोते पायावर पडते, त्यातलाच हा प्रकार. आणि हा प्रकार शिस्तीने टाळता येतो.

एक प्रकार मात्र जिवावर बेततो, त्याबद्दल स्पष्टच लिहितो. पाठीवर झोपून दांडा छातीवरून वर ढकलण्याचा व्यायाम, ज्याला पोरं बेंच प्रेस म्हणतात. हात थकले की दांडा छातीवर किंवा मानेवर येतो, खालच्या माणसाला तो हलवता येत नाही आणि हाक मारायला श्वासही उरत नाही. असे मृत्यू झालेले आहेत. तेव्हा नियम एकच, एकट्याने बेंच प्रेस करायचा नाही. डोक्याशी जाणता जोडीदार उभा पाहिजे, किंवा दांडा अडेल अशा आडव्या पट्ट्या असलेला स्टँड पाहिजे. दांड्याला अंगठ्याचा विळखा पाहिजे. आणि प्लेटांना दोन्ही बाजूंनी लॉक बसवलेच पाहिजे. एका बाजूची प्लेट सरकली की दुसऱ्या बाजूने दांडा उसळी घेतो.

आता मशीन. ते फार निरुपद्रवी आहे असे समजू नका. केबलचे धागे उसवलेले असतात, पिन अर्धवट बसलेली असते, सरकत्या प्लेटांच्या मध्ये लहान पोर बोट घालते. आसनाची उंची न लावता साडेसहा फुटी आणि पाच फुटी माणूस एकाच बैठकीवर बसला तर गुडघा, खांदा चुकीच्या जागी ताणला जातो. शिवाय मशीन दुरुस्त कोण करणार? तालुक्याला तो मेकॅनिक नसतो. दांडा आणि प्लेटा यांत मोडण्यासारखे काहीच नसते. तेलाचा हात फिरवला तर नातवापर्यंत टिकतात. गावाच्या हिशेबात ही बाब लहान नाही.

बरे, ताकद कशाने जास्त वाढते? यावर २०२३ साली १३ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यातून निघालेले उत्तर दोन्ही बाजूंचा हट्ट मोडणारे आहे. स्नायू दोन्हींनी सारखेच वाढतात. ताकद मात्र ज्या प्रकाराचा सराव, त्या प्रकारात जास्त दिसते. मशीनवर सराव केलेला मशीनवर पुढे, दांड्यावर केलेला दांड्यावर पुढे.

आता शेतकरी बंधूंनो, तुम्हीच सांगा, तुमचे रोजचे काम कशासारखे आहे? युरियाची गोणी पूर्वी ५० किलोची होती, २०१८ पासून ४५ किलोची झाली. ती ट्रॉलीतून उतरवताना कोणता रूळ असतो? गोणी म्हणजे मोकळेच वजन, तेही मधे ढिले पडणारे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ च्या शिफारशीत एका प्रौढ पुरुषाने नेहमी वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो धरली आहे. आपल्याकडे शंभर किलोची पोती पाठीवर वाहून कंबर गेलेली माणसे गावोगाव आहेत. ज्या पोराला दांडा जमिनीवरून नीट उचलायला शिकवले, म्हणजे पाठ सरळ, वजन अंगाजवळ, जोर मांड्यांचा, त्याला गोणी उचलायचे निराळे शिकवावे लागत नाही. लेग प्रेसच्या मशीनवर मांड्या भरतील, पण पाठ सांभाळायची सवय लागणार नाही.

कुस्तीवाल्यांना हे सांगायला नको. समोरचा पैलवान काही रुळावर चालत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीहून ऑलिंपिकचे कांस्यपदक घेऊन आले. ते घडले ते मातीत आणि मेहनतीत. म्हणून तालमीतले मुद्गल फेकून देऊ नका.

पण मोकळे वजन म्हणजे खेळ नव्हे, हेही तितकेच खरे. सांगलीचा संकेत सरगर २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात उतरला. एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळवले, सुवर्ण अवघ्या एका किलोने हुकले. त्याच स्पर्धेत शेवटच्या टप्प्यात त्याच्या कोपराला दुखापत झाली. वर्षानुवर्षे तयार झालेल्या खेळाडूची ही गत, तर काल आलेल्या पोराने पैजेवर दांडा भरू नये. पैज हाच गावच्या व्यायामशाळेतला मोठा शत्रू आहे.

मशीन कोणाला उपयोगी, तेही सांगतो. म्हाताऱ्यांना. हसू नका. १९९० साली अमेरिकेत बोस्टनमध्ये ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना पायाच्या वजनाचा व्यायाम दिला गेला. नऊ जणांनी तो आठ आठवडे पुरा केला आणि त्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. तोल जाण्याची भीती असणाऱ्याला, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी परवानगी दिलेल्याला, कधीच वजन न उचललेल्या बाईमाणसाला मशीनने सुरुवात करणे सोपे जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करायला सांगितले आहे, त्यात बायकाही आल्या. तेव्हा सायंकाळचा एक तास त्यांच्यासाठी राखून ठेवा. तेवढे झाले नाही तर व्यायामशाळा अर्ध्या गावाचीच राहते. रक्तदाबवाल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे आणि वजन उचलताना श्वास कोंडू नये, मशीन असो की दांडा.

मंदिरासमोर किंवा शाळेच्या मैदानात बसवतात ती रंगीत साधने वेगळी. त्यातल्या बहुतेकांत वजन वाढवायची सोयच नसते, तुमच्या अंगाचेच वजन कामी येते. सांधे मोकळे करायला, म्हाताऱ्यांना चार लोकांत आणायला ठीक. पैलवान त्यावर तयार होणार नाही.

माझ्या मते पैसा थोडा असेल तर पहिल्यांदा एक चांगला दांडा, प्लेटा, लॉक, डंबेल्सच्या काही जोड्या, आडव्या पट्ट्यांचा स्टँड, बाक आणि खाली जाड रबरी मॅट घ्यावी. त्यानंतर पैसे उरले तर पायाचे एक आणि पुलीचे एक मशीन. दहा मशीन घेऊन शिकवणारा एकही नाही, असला कारभार नको. निवृत्त फौजी, जुना पैलवान, शाळेचे क्रीडाशिक्षक, यांपैकी कोणी ना कोणी गावात असतोच. त्याला मानधन द्या. वजन उचलल्याने पोरांची उंची खुंटते म्हणतात, त्याला आधार नाही. पण जाणत्याच्या नजरेखाली आणि हलक्या वजनापासून, ही अट पाळा.

ग्रामसेवकांसाठी दोन गोष्टी. मशीन घेतलीच तर दर महिन्याला केबल, पिन, नटबोल्ट तपासून नोंदवहीत सही करायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर टाका आणि दुरुस्तीची मुदत खरेदीच्या कागदावरच लिहून घ्या. व्यायामशाळेसाठी शासनाचे अनुदान जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत मिळते. त्याच्या अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून ठराव लिहिण्याआधीच तिथे जाऊन साहित्याच्या यादीत काय बसते ते विचारून या.