नदीचे पाणी व सूक्ष्म जंतूंची साक्ष

नदीकाठचा बागाईतदार पाण्याची पारख बहुधा डोळ्यांनी, नाकाने व जिभेने करितो. पाणी नितळ असले, त्यास घाण येत नसली व ते खारट लागले नाही, म्हणजे ते चांगले असे तो समजतो. गाळ व क्षार ओळखण्यापुरती ही रीत ठीक आहे. परंतु वरच्या गावाचा मैला पाण्यात मिसळला आहे की नाही, हे तीवरून कळत नाही. कोथिंबीर, मुळा, गाजर, काकडी ही कच्ची खाल्ली जाणारी पिके ज्या पाण्यावर घ्यावयाची, त्याविषयी तर हाच प्रश्न मुख्य होय. त्याचे उत्तर पाण्यातील सूक्ष्म जंतू कसे देतात, हे येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

१८८५ साली थिओडोर एशेरिख या जर्मन वैद्याने तान्ह्या मुलांच्या मळात एका जंतूचा शोध लाविला. हल्ली त्यास ई. कोलाय म्हणतात. मनुष्य, गाईगुरे व इतर उष्ण रक्ताचे प्राणी यांच्या आतड्यांत हा जंतू असंख्य असतो. त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी आहेत. तथापि तो पाण्यात सापडला, की तेथे विष्ठा पोहोचली असे निश्चित समजावे. आणि विष्ठा जेथे पोहोचली, तेथे पटकी, विषमज्वर व हगवण यांचे जंतूही पोहोचण्याचे भय असते. ते रोगजंतू संख्येने थोडे असल्यामुळे एकेक शोधून काढणे कठीण. म्हणून चोर दृष्टीस पडला नाही तरी जसा पावलांचा माग पाहतात, तसा ई. कोलाय व त्याच्या जातभाईंचा माग प्रयोगशाळेत पाहतात.

परीक्षेची रीत अशी. दुधातील साखर घातलेल्या पोषक रसाच्या अनेक काचनळ्यांत नमुन्याचे पाणी कमीजास्त प्रमाणात घालून त्या ३५ ते ३७ अंश शतमान उष्णतेत ठेवितात. ज्या नळ्यांत वायू धरतो, त्यांतील थेंब दुसऱ्या नळ्यांत घालून त्या ४४.५ अंशांवर २४ तास ठेवितात. एवढ्या उष्णतेतही वायू धरला, तर ते जंतू बहुतांशी आतड्यांतून आलेले असतात. किती नळ्यांत वायू धरला, यावरून १०० मिलिलिटर पाण्यातील जंतूंची संभाव्य संख्या कोष्टकावरून काढितात.

या संख्येचा अर्थ कसा लावावा? भारत सरकारच्या मानकांप्रमाणे नदीत स्नान करावयाचे तर मैल्याचे जंतू १०० मिलिलिटरमध्ये ५०० च्या आत असावेत. कमाल मर्यादा २५०० आहे. कच्च्या खाण्याच्या पिकांस द्यावयाच्या सांडपाण्याकरिता जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली १००० ही मर्यादा सुचविली होती. याउलट, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नद्यांचे जे वर्ग ठरविले आहेत, त्यांतील सिंचनाच्या वर्गात आम्लता, क्षार, सोडियम व बोरॉन एवढेच पाहिले जाते. जंतूंची मर्यादाच नाही. तेव्हा पाणी 'सिंचनास योग्य' ठरले, तरी ते कोथिंबिरीस योग्य झाले असे मुळीच नव्हे.

नदीच्या स्वतःच्या प्रकृतीची साक्ष दुसरे जंतू देतात. पाण्यात पडलेली घाण खाऊन तिचे विघटन करणे हे त्यांचे काम. घाण थोडी असली, तर वाहते पाणी त्यांच्या योगाने पुन्हा शुद्ध होते. ती फार झाली, की जंतू पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवितात व मासे गुदमरून मरतात. उन्हाळ्यात प्रवाह क्षीण होतो आणि उष्ण पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. म्हणून तेव्हा हे संकट अधिक. घाण पचविण्यास जंतूंस किती प्राणवायू लागतो, हे २७ अंशांवर ३ दिवस नमुना ठेवून मोजितात. लिटरला ३ मिलिग्रॅमहून अधिक लागला, तर नदी दूषित समजतात. २०२२ च्या अहवालात उक्त मंडळाने देशातील नद्यांचे असे ३११ दूषित पट्टे दाखविले. पैकी ५५ महाराष्ट्रातील होते. पुण्याचे सांडपाणी घेऊन मुळा-मुठा भीमेस मिळते, आणि भीमा तेच उजनीच्या जलाशयात नेते. या वाटेवर बागाईत किती आहे, हे सांगणे नकोच.

एक सावधगिरी मात्र अवश्य राखावी. कारखान्याचे विषारी पाणी नदीत आले, तर जंतूही मरतात व आकडा लहान दिसतो. म्हणून जंतूंची संख्या, प्राणवायू व माशांची स्थिती ही तिन्ही एकत्र पाहावीत.

नमुना नाल्याच्या मुखाच्या वर व खाली असा दोन ठिकाणी, एकदा उन्हाळ्यात व एकदा पहिल्या पावसानंतर घ्यावा. प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली आणावी. तिचे तोंड प्रवाहाकडे करून ती हातभर खाली बुडवावी, आणि बर्फात ठेवून शक्य तो ६ तासांच्या आत पोहोचवावी. एका काठच्या शेतकऱ्यांनी मिळून हे केल्यास खर्च अंगावर येत नाही.

आकडा मोठा निघाल्यास ते पाणी ऊस, कापूस यांस द्यावे. भाजीस देणे भागच पडले, तर ते पानांवर न शिंपडता ठिबकने मुळाशी द्यावे, काढणीपूर्वी काही दिवस बंद ठेवावे म्हणजे उन्हाने पुष्कळ जंतू मरतात, आणि काढलेला माल नदीत न धुता पिण्याच्या पाण्याने धुवावा. आपली भाजी जो विकत घेतो, त्यास आपल्या नदीचे पाणी पाहावयास मिळत नाही. ते त्याच्याकरिता आपणच पाहिले पाहिजे.