वाट, रसद आणि वेळ : युद्धनीतीच्या संगणकीय खेळांचा एक आढावा

भीमाशंकरच्या डोंगरांवर धो धो कोसळणारा पाऊस पूर्वेकडे सरकत सरकत आंबेगाव तालुक्याच्या ज्या टोकाला येईपर्यंत अगदी क्षीण होऊन जातो, त्या अवर्षणाच्या टापूत, धामणीच्या शेजारी, आमचे लोणी वसले आहे. विहिरीत किती परस पाणी उरले, कडबा कोणत्या महिन्यापर्यंत पुरेल, बाजरी विकावी की घरात ठेवावी, हे हिशेब येथील माणूस मिसरूड फुटण्यापूर्वीच करू लागतो. युद्धशास्त्राचा पहिला पाठही हाच आहे, असे माझे अनेक वर्षांच्या वाचनानंतर आणि, वाचकांना कदाचित नवल वाटेल, अनेक वर्षांच्या खेळण्यानंतर बनलेले मत आहे. फौज लढते ती दाणावैरणीच्या बळावर, आणि जो सेनापती वाट, रसद आणि वेळ या तिहींचा बंदोबस्त आधी करतो, त्याला तलवार उपसण्याचा प्रसंग पुष्कळदा येतच नाही. युद्धनीतीच्या संगणकीय खेळांपैकी कोणते घ्यावेत, असे तरुण मंडळी मला वारंवार विचारतात. त्यांच्यासाठी हा आढावा मी याच तीन कसोट्यांवर घेतला आहे.

या कसोट्या मला सुचल्या त्या भूगोलामुळे. शेजारच्या जुन्नर तालुक्यात शिवनेरी आहे, जेथे 1630 साली शिवछत्रपतींचा जन्म झाला. कोकणातून देशावर चढणारा नाणेघाट आहे. आणि त्या घाटावर नजर ठेवणारे जीवधन, चावंड, हडसर हे किल्ले आहेत. एवढे गड एकाच तालुक्यात का, या प्रश्नाचे उत्तर नकाशावर घाटवाट बोटाने दाखविली की आपोआप मिळते, कारण सातवाहनांच्या काळापासून जकातीचे उत्पन्न त्या वाटेने येत होते आणि वाट ज्याची त्याचा खजिना, हा न्याय राजवटी बदलल्या तरी बदलला नाही. 1657 साली महाराजांनी याच जुन्नरच्या तटाला रात्री दोरांच्या शिड्या लावून मोगलांचा खजिना आणि घोडे हस्तगत केले, तेव्हा त्या एका रात्रीत स्वराज्याची दौलत वाढली आणि शत्रूची तितकीच घटली. उत्तम युद्धनीतीच्या खेळात खेळणाऱ्याला अशी एक तरी रात्र लाभली पाहिजे.

या खेळांची वंशावळ आपल्याच भूमीपासून सुरू होते. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सेनेची चार अंगे पटावर मांडणारे चतुरंग हे त्यांचे मूळ होय, आणि त्याचेच रूप आपण बुद्धिबळ म्हणून ओट्यावर, देवळात, चावडीत खेळत आलो. मात्र पटावरच्या चौसष्ट घरांत नदी नाही, डोंगर नाही, उपासमार नाही, आणि शत्रूची प्रत्येक सोंगटी डोळ्यांसमोर उघडी असते. ही उणीव प्रशियातील रायस्विट्झ या लष्करी अधिकाऱ्याने 1824 साली भरून काढली. त्याच्या युद्धखेळात खऱ्या भूप्रदेशाचा नकाशा असे, फाशांनी दैवाची बाजू सांभाळली जाई आणि पंच मध्ये बसून प्रत्येक पक्षाला त्याच्या हेरांना दिसेल तेवढेच सांगे. आजच्या संगणकीय खेळांत नकाशावर जो काळोख पसरलेला असतो आणि आपला स्वार पुढे गेला की जो हटतो, तो त्या पंचाचाच वारसा आहे.

प्रथम राज्यकारभाराच्या खेळांचा विचार करू. सिड मायर यांचा ‘सिव्हिलायझेशन’ हा खेळ 1991 साली निघाला आणि पाळीपाळीने खेळावयाच्या खेळांचा तो आजही आदिग्रंथ मानला जातो. 2010 सालच्या पाचव्या आवृत्तीपासून नकाशा षट्कोनी घरांचा झाला आणि एका घरात एकच लष्करी पथक राहू शकेल असा नियम आला. त्यामुळे अरुंद खिंड दोन पथकांनी रोखणे ही गोष्ट प्रथमच अर्थपूर्ण झाली, आणि उंबरखिंडीचा इतिहास ठाऊक असलेल्या वाचकाला तिचे मोल वेगळे सांगावयास नको. सहाव्या आवृत्तीला 2018 साली जी पुरवणी जोडली गेली तीत चंद्रगुप्त मौर्य नेता म्हणून आला. नवशिक्याने येथून प्रारंभ करावा. शेती, रस्ते, विद्या आणि फौज यांचा परस्परांशी असलेला संबंध इतक्या सुबोधपणे दुसरा कोणताही खेळ शिकवीत नाही.

त्याहून गहन, आणि माझ्या मते अधिक फलदायी, असा खेळ म्हणजे स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स संस्थेचा 2013 सालचा ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस’ चौथा. त्याचा काळ 1444 ते 1821 असा आहे, म्हणजे दख्खनवर बहमनी सत्तेचा अंमल असताना खेळ उघडतो आणि पेशवाई बुडाल्यानंतर मिटतो. ज्या मलिक अहमदाने 1490 साली बहमनींचे जू झुगारून जुन्नर येथे निजामशाहीचा पाया घातला, त्याच्यापुढचे सगळे पेच येथे आपल्यापुढे उभे राहतात: कर्ज काढावे की शिबंदी कमी करावी, शेजाऱ्याशी तह करावा की त्याच्या शत्रूशी, जिंकलेला मुलूख पचवावा की सोडून द्यावा. मनुष्यबळाचा साठा एकदा आटला की तो भरून येण्यास वर्षे लागतात, म्हणून आततायी खेळाडू येथे फार काळ टिकत नाही. त्याच संस्थेचा 2020 सालचा ‘क्रुसेडर किंग्ज’ तिसरा हा राज्यांपेक्षा राजघराण्यांचा खेळ आहे. तेथे 867 सालापासून आरंभ केल्यास राष्ट्रकूटांचा दख्खन आपल्या हाती येतो आणि वारसाहक्काच्या भांडणात एक भक्कम राज्य दोन पिढ्यांत कसे दुभंगते ते पाहावयास मिळते. सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांची कथा ज्याला समजून घ्यावयाची आहे त्याने हा खेळ अवश्य खेळावा.

आता मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याचा विषय. ‘टोटल वॉर’ या मालिकेतील ‘एम्पायर’ हा खेळ 2009 साली आला आणि त्यात मराठ्यांचे राज्य चालविण्याची मुभा आहे. खेळ 1700 सालापासून सुरू होतो. त्याच वर्षी मार्च महिन्यात राजाराम महाराज सिंहगडावर निवर्तले आणि महाराणी ताराबाईंनी औरंगजेबाविरुद्धच्या युद्धाची धुरा उचलली, हे मनात ठेवून नकाशा उघडला की अंगावर रोमांच उभे राहतात. वर्षाला दोन पाळ्या, वरच्या नकाशावर कर, व्यापार आणि मसलती, आणि फौजा भिडल्या की खालच्या मैदानावर हजारो सैनिकांची प्रत्यक्ष लढाई, अशी या मालिकेची दुहेरी रचना आहे. खेळात गलबतांची लढाईही असल्यामुळे आंग्र्यांच्या आरमाराची आठवण होते. तथापि एक दोष प्रांजळपणे सांगितला पाहिजे. हा खेळ भर मैदानातील लढाईला झुकते माप देतो. शत्रूला हुलकावण्या देत दमविणे, त्याचे तळ लुटणे, गड लढवून त्याची वर्षे खर्ची पाडणे, या मराठी युद्धपद्धतीला त्याच्या नियमांत पुरेशी जागा नाही. म्हणून मराठ्यांच्या प्रेमाखातर तो जरूर घ्यावा, पण मराठ्यांची युद्धनीती त्यातूनच शिकू नये.

अखंड चालणाऱ्या काळाचे खेळ हा दुसरा मोठा वर्ग. 1999 सालचा ‘एज ऑफ एम्पायर्स’ दुसरा याची सुधारित आवृत्ती 2019 साली निघाली आणि 2022 च्या पुरवणीने त्यात गुर्जर, बंगाली, द्रविड आणि हिंदुस्थानी अशा सत्तांचा समावेश केला. धान्य, लाकूड, सोने आणि दगड ही चार द्रव्ये गोळा करणारी रयत हाच या खेळाचा कणा होय; ज्याची रयत रिकामी बसते त्याची फौज हरते. तिसऱ्या भागाच्या 2007 सालच्या आशियाई पुरवणीत उंटावरून झाडली जाणारी जंबुरक तोफ आहे, जी आपल्या इतिहासाच्या वाचकांना बखरींतून परिचित आहे. 2006 सालच्या ‘कंपनी ऑफ हीरोज’मध्ये दुसऱ्या महायुद्धातील नॉर्मंडी आहे आणि तेथील एक नियम मला फार मोलाचा वाटतो: आपल्या मुख्य तळाशी जोडलेला मुलूखच उत्पन्न देतो, मधला एक तुकडा शत्रूने कापला की पलीकडचा सगळा वसूल बंद पडतो.

परंतु ज्या खेळाने रसदेला सिंहासनावर बसविले तो म्हणजे 2011 सालचा ‘युनिटी ऑफ कमांड’. त्याचा विषय स्टालिनग्राडची मोहीम. मंचरच्या महाविद्यालयात शिकणारा माझा पुतण्या गेल्या श्रावणात लोणीला आला असता ओसरीवर बसून तो हा खेळ खेळत होता. डॉन नदी ओलांडून त्याचे रणगाडे दोनच पाळ्यांत असे काही पुढे धावले की त्याचा चेहरा उजळून निघाला. पुढच्या पाळीला शत्रूची एक क्षुल्लक पलटण त्याच्या पिछाडीच्या लोहमार्गावर येऊन बसली. त्याने तिकडे लक्ष दिले नाही. त्यानंतरच्या पाळीत पुढच्या पथकांवर रसद तुटल्याची खूण दिसली, मग त्यांचे बळ ओसरले, आणि थोड्याच वेळात ती पथके एकामागून एक पुसली गेली. बराच वेळ तो पडद्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “काका, ही माणसं लढाईत गेली नाहीत, उपाशी गेली.”

मी त्याला पानिपत सांगितले. 1760 च्या डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि भाऊसाहेबांच्या छावणीकडे येणारी रसद आटली. 14 जानेवारी 1761 रोजी जे सैन्य मैदानात उतरले ते अनेक दिवसांचे उपाशी होते. मग त्याची दुसरी बाजूही सांगितली. 1728 साली पहिल्या बाजीरावाने निजामाला गोदावरीच्या मुलखात इकडून तिकडे पळवीत पालखेडजवळ असे कोंडले की त्याचे पाणी आणि धान्य दोन्ही तुटले, आणि मोठी लढाई न होताच मुंगी-शेवगावचा तह झाला. ज्या मॉन्टगोमेरीने दुसऱ्या महायुद्धात फौजा हाकल्या, त्यानेही युद्धेतिहासावरील आपल्या ग्रंथात या मोहिमेचा गौरव केला आहे. पुतण्याने सगळे ऐकून घेतले आणि निमूटपणे डाव पुन्हा पहिल्यापासून मांडला. या वेळी त्याने पहिले पथक ठेवले ते लोहमार्गावर.

याच प्रकृतीचा पण कितीतरी विस्तीर्ण असा खेळ म्हणजे 2016 सालचा ‘हार्ट्स ऑफ आयर्न’ चौथा. 1936 पासूनचे सारे जग त्यात आहे, आणि 2021 साली त्याची रसदव्यवस्था लोहमार्ग व कोठारे यांच्या पायावर नव्याने उभारली गेल्यापासून तो खऱ्या अर्थाने सेनापतीचा खेळ झाला आहे. शिकण्यास तो कठीण आहे. अनेक रविवार खर्ची घालण्याची तयारी असेल तरच त्याला हात घालावा.

सर्वांजवळ भारी संगणक असत नाही, आणि खेड्यात विजेचा भरवसाही सारखा नसतो, म्हणून अल्पखर्चाच्या खेळांची तजवीज येथे मुद्दाम करतो. 2018 सालचा ‘इन्टू द ब्रीच’ हा आठ गुणिले आठ घरांचा छोटा डाव आहे. त्यात शत्रू पुढे काय करणार हे आधीच दाखविले जाते आणि तरीही सुटका सहज सापडत नाही. बुद्धिबळ खेळणाऱ्या घरात हा खेळ पहिल्या दिवशीच रुजेल. ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ हा संपूर्ण विनामूल्य आहे, जुन्या संगणकावरही चालतो, आणि भूमीचा प्रकार व दिवसाचा प्रहर यांवर लढाईचे पारडे फिरते. ‘झिरो ए.डी.’ हाही विनामूल्य असून त्यात मौर्यांचे हत्ती आहेत. भ्रमणध्वनीवर खेळावयाचे असेल तर ‘अनसिव्ह’ हा ‘सिव्हिलायझेशन’च्या धर्तीचा मोफत खेळ घ्यावा, तो जाहिराती दाखवीत नाही आणि खिशात हात घालीत नाही.

यांतील बहुतेक खेळ इंग्रजीत आहेत, याची मला मनापासून खंत वाटते, कारण या विद्येची परिभाषा मराठीत शतकानुशतके जिवंत आहे. बिनीची फौज, पिछाडी, बगल, कुमक, मोर्चा, छबिना, हरकारा, मेट, माची: यांतील एकेका शब्दामागे एकेक अनुभव उभा आहे. पुण्यात आज संगणकीय खेळ घडविणारे कुशल हात आहेत. 2020 साली तेथेच तयार झालेला ‘राजी’ हा खेळ, युद्धनीतीचा नसला तरी, जगभर खेळला गेला. अशा हातांनी पालखेडची मोहीम खेळात उतरवावी, मलिक अंबरने 1624 साली भातवडीच्या तलावाचे पाणी शत्रूच्या तळावर सोडले तो डाव उतरवावा, आणि विजयाची मोजणी पडलेल्या मुडद्यांवर न करता वाचविलेल्या माणसांवर व घोड्यांवर करावी. असा खेळ निघेल तेव्हा त्याचे नियम जगाला नवे वाटतील. आमच्या लोणीच्या शेतकऱ्याला मात्र ते पाठ असतील, कारण उन्हाळा येण्यापूर्वी पाण्याचा हिशेब करणे हे त्याच्या रक्तातच आहे.