प्रसिद्धीपूर्व परीक्षा : मुक्त डेस्कटॉप आणि त्याचे स्वयंसेवक परीक्षक

संगणक सुरू केल्यावर पडद्यावर जी मांडणी दिसते, तीस डेस्कटॉप असे म्हणतात. चौकटीचौकटींनी उघडणारी कामे, कडेची पट्टी, फाइलींची चित्रे, घड्याळ, छपाईची सोय हे सर्व तिच्यात येते. ग्रामपंचायतीत दाखला काढणारा कर्मचारी असो अथवा शाळेत गुणपत्रक तयार करणारा शिक्षक असो, संगणकाशी त्याचा जो व्यवहार होतो तो या मांडणीतूनच. आतील यंत्र कितीही वेगवान असले तरी ही मांडणी अडखळली की काम थांबते आणि दाखल्यासाठी आलेला मनुष्य बाकावर बसून राहतो.

अशी मांडणी लोकांच्या हाती देण्यापूर्वी तिची परीक्षा घेणे ओघानेच येते. मोठ्या कंपन्या या कामासाठी पगारी माणसे नेमतात. परंतु ज्या डेस्कटॉपची घडण सर्वांना खुली आहे, जो कोणीही विनामूल्य घ्यावा, तपासावा व सुधारावा अशा अटींवर दिला जातो, त्याची परीक्षा मुख्यत्वे स्वयंसेवकच घेतात. हे स्वयंसेवक संगणकशास्त्राचे पदवीधर असावेत अशी अट नाही. त्यांपैकी कित्येकांना आज्ञावलीची एक ओळही लिहिता येत नाही आणि तरीही त्यांचे काम अडत नाही.

या क्षेत्रातील दोन मोठे प्रकल्प म्हणजे केडीई आणि ग्नोम. जर्मनीतील ट्युबिंगेन विद्यापीठाचा विद्यार्थी मॅथियास एट्रिश याने १९९६ च्या ऑक्टोबर महिन्यात एक जाहीर आवाहन करून केडीईचा प्रारंभ केला. ग्नोमची सुरुवात १९९७ साली मेक्सिकोतील मिगेल दे इकासा व फेदेरिको मेना यांनी केली. दोन्ही प्रकल्पांना आज जगभरातील माणसे हातभार लावतात. त्यांत पगारी अभियंतेही आहेत. मात्र परीक्षेचा भार पगारी माणसांवर टाकता येईल एवढी त्यांची संख्या कोठेच नाही.

घडविणाऱ्यानेच परीक्षा का घेऊ नये?

घडविणाऱ्यास आपली वस्तू कशी वापरावयाची हे ठाऊक असते आणि अडचण नेमकी येथेच आहे. तो ज्या क्रमाने कळा दाबावयाच्या त्याच क्रमाने दाबतो. त्याच्या टेबलावर एक संगणक, एक पडदा व एक छपाईयंत्र असते. वापरणाऱ्याकडे दहा वर्षांपूर्वीचे यंत्र असते, त्यास दुसरा पडदा जोडलेला असतो, वीज मध्येच गेलेली असते आणि भाषा इंग्रजी नसते. यंत्रे, चित्रयंत्रणा, भाषा आणि सवयी यांचे इतके मेळ होतात की कोणत्याही एका प्रयोगशाळेत ते उभे करता येणार नाहीत. निरनिराळ्या ठिकाणच्या निरनिराळ्या माणसांनी आपापल्या घरी ती वस्तू वापरून पाहिली, तरच हे मेळ तपासले जातात. यंत्राकडून आपोआप करवून घेण्याच्या चाचण्याही आता पुष्कळ आहेत. पण त्या विचारलेल्याच प्रश्नांची उत्तरे देतात.

परीक्षेस काही टप्पे असतात. पहिला अल्फा. यात सोयी सर्व आलेल्या असतात असे नाही व मोडतोड गृहीत असते. दुसरा बीटा. या सुमारास नव्या सोयी घालणे बंद होते आणि केवळ दोष काढणे चालू राहते. पडद्यावर दिसणारा मजकूरही याच काळात गोठविला जातो, म्हणजे भाषांतरकारांना स्थिर मजकुरावर काम करता येते. त्यानंतर प्रसिद्धीस योग्य वाटणारी उमेदवार आवृत्ती येते आणि तिच्यात गंभीर दोष न आढळल्यास ती लोकार्पण होते. प्रत्येक नाव म्हणजे वापरणाऱ्यास दिलेली एक सूचना असते. ती सूचना नीट पोहोचली नाही तर काय होते, हे २००८ सालच्या एका प्रकरणावरून दिसून येते.

क्रमांक ४.० ची कथा

केडीईची चौथी मालिका ही जुन्या घराची डागडुजी नव्हती. पाया खणून नवे घर बांधण्याचा तो प्रकार होता. २००७ च्या मे महिन्यात पहिली अल्फा आवृत्ती निघाली, पुढे अनेक बीटा आवृत्त्या निघाल्या, ठरलेली तारीख पुढे ढकलावी लागली आणि ११ जानेवारी २००८ रोजी ४.० प्रसिद्ध झाली. घडविणाऱ्यांच्या मनात असे होते की ही आवृत्ती पाया म्हणून बाहेर यावी, इतर आज्ञावली लिहिणाऱ्यांनी तिच्यावर काम सुरू करावे, धाडसी मंडळींनी ती वापरून दोष कळवावेत आणि सर्वसामान्यांनी काही काळ जुन्या ३.५ वरच राहावे. तसे त्यांनी सांगितलेही होते.

परंतु लोकांनी वाचला तो क्रमांक. शून्य संपून पूर्ण क्रमांक आला म्हणजे वस्तू तयार झाली, असा सर्वसाधारण समज असतो व तो चुकीचा म्हणता येत नाही. लिनक्सच्या संचांपैकी फेडोराने आपल्या नवव्या आवृत्तीत, म्हणजे मे २००८ मध्ये, जुनी केडीई काढून चौथी मालिकाच दिली. ओपनसुसे या संचाने मात्र जून महिन्यात दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवल्या. ज्यांना नवी आवृत्ती आपोआप मिळाली त्यांना आढळले की कडेची पट्टी हवी तशी लहानमोठी करण्यासारख्या साध्या सोयीही नाहीत. नाराजी मोठी झाली. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी आपण केडीई सोडून ग्नोम वापरू लागल्याचे २००९ च्या आरंभी जाहीरपणे सांगितले. त्याच महिन्यात निघालेली ४.२ ही आवृत्ती सर्वसामान्य वापरास योग्य ठरली. म्हणजे लोकांना ज्या वस्तूची जानेवारी २००८ मध्ये अपेक्षा होती, ती त्यांना एक वर्षाने मिळाली.

या प्रकरणी दोष कोणाचा, यावर आजही वाद होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते वापरणाऱ्यांना बोल लावणे अन्यायाचे होईल. ज्याने परीक्षक होण्यास संमती दिलेली नाही, त्यास नकळत परीक्षक केले गेले. स्वयंसेवक या शब्दातील ‘स्वयं’ येथे निसटला होता.

सोळा आठवड्यांची परीक्षा

पुढील मोठ्या स्थित्यंतराच्या वेळी चित्र वेगळे दिसते. आता प्लाझ्मा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या याच डेस्कटॉपची सहावी मालिका २८ फेब्रुवारी २०२४ रोजी प्रसिद्ध झाली. तिची अल्फा आवृत्ती ८ नोव्हेंबर २०२३ रोजी निघाली होती. २९ नोव्हेंबर व २० डिसेंबरला दोन बीटा, १० व ३१ जानेवारीला दोन उमेदवार आवृत्त्या, असे वेळापत्रक आधीच जाहीर करून ते पाळले गेले. पडद्यावर चित्र उमटविण्याची १९८० च्या दशकापासूनची एक्स ही व्यवस्था मागे ठेवून वेलँड ही नवी व्यवस्था मूळ निवड म्हणून देण्यात आली. हा बदल असा आहे की त्याचे परिणाम चित्रयंत्रणेगणिक निराळे दिसतात. त्यामुळे घरोघरच्या परीक्षकांवाचून तो तडीस जाणे कठीण होते. पाचव्या मालिकेची शेवटची ५.२७ ही आवृत्ती या काळात चालू राहिली आणि ज्यांस थांबावयाचे होते त्यांस थांबता आले.

त्यापूर्वी, २०२२ च्या जानेवारीत, केडीईमध्ये एक साधी परंतु उपयुक्त मोहीम सुरू झाली होती. नवख्या माणसाने डेस्कटॉप हाताळण्यास सुरुवात केली असता पहिल्या १५ मिनिटांत जे दोष त्याच्या दृष्टीस पडतील, त्यांची वेगळी यादी करावयाची आणि ते आधी काढावयाचे. तज्ज्ञाला अशा दोषांची इतकी सवय झालेली असते की ते त्याला दिसेनासे होतात. या यादीसाठी नवखा माणूस हाच खरा परीक्षक होय.

एवढे करूनही प्रसिद्धीनंतर दोष निघालेच. त्यांच्या दुरुस्तीच्या आवृत्त्या ५ मार्च, १२ मार्च, २६ मार्च, १६ एप्रिल आणि २१ मे या दिवशी आल्या. त्यांतील अंतर आठवड्यांत मोजले तर १, १, २, ३, ५ असे भरते, आणि ते मुद्दाम तसे ठेवलेले आहे. प्रारंभी दोष भराभर कळतात व पुढे विरळ होतात, हा त्यामागील हिशोब. युरोपात फिबोनाची याच्या नावाने प्रसिद्ध असलेली ही श्रेणी मात्रावृत्तांचे प्रकार मोजताना विरहांक व हेमचंद्र यांनी त्याच्याही आधी दिली होती, हे शिक्षक वाचकांना ठाऊक असेलच.

दोष कसा कळवावा

‘संगणक नीट चालत नाही’ या वाक्याचा दुरुस्त करणाऱ्यास काहीही उपयोग नसतो. परीक्षकाने लिहावयाचे ते असे : कोणती आवृत्ती, कोणते यंत्र, एक्स की वेलँड, कोणत्या क्रमाने काय केले, काय व्हावयास हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले, दर वेळी होते की कधीकधी. पंचनामा लिहिणाऱ्यास ही शिस्त परिचित आहे. पाहिले ते लिहावे, तर्क वेगळा ठेवावा. एका अहवालात एकच दोष असावा. तोच दोष पूर्वी कोणी नोंदविला आहे काय हे आधी शोधावे, कारण एकाच दोषाच्या वीस नोंदी वाचण्यात दुरुस्तीचा वेळ जातो.

पूर्वी ठीक चालणारी गोष्ट नव्या आवृत्तीत बिघडली असेल, तर परीक्षक आणखी एक मोलाचे काम करू शकतो. गावाच्या नळपाणी योजनेत गळती कोठे आहे हे शोधताना आपण संपूर्ण नळमार्ग खणत नाही. मधला व्हॉल्व्ह बंद करतो, गळती अलीकडे की पलीकडे ते पाहतो आणि उरलेल्या अर्ध्या भागात पुन्हा तेच करतो. दोन आवृत्त्यांच्या दरम्यान हजार बदल झाले असतील, तर याच रीतीने मधोमधची आवृत्ती तपासत गेल्यास सुमारे दहा चाचण्यांत दोषी बदल हाती लागतो. यासाठी चिकाटी व एक मोकळी दुपार लागते. ज्याने ही दुपार दिली त्याच्या अहवालाची दखल सहसा लवकर घेतली जाते.

सर्वात दुर्लक्षित काम याहून सोपे आहे. जुन्या नोंदी घेऊन त्यांतील दोष आजच्या आवृत्तीत उरला आहे की गेला, एवढेच पाहून कळवावयाचे. नोंदवलेला प्रत्येक दोष दुरुस्त होईलच असे मात्र समजू नये. काही अहवाल महिनोन्‌महिने अनुत्तरित राहतात, काहींवर हा दोष नव्हे असा शेरा पडतो. पलीकडेही बहुधा एखादा स्वयंसेवकच आहे, हे लक्षात ठेवून पत्रव्यवहार करावा.

सावधगिरीची एक बाब स्पष्टच सांगितली पाहिजे. ज्या संगणकावर कार्यालयाचे दप्तर, करवसुलीच्या नोंदी अथवा विद्यार्थ्यांचे गुण आहेत, त्यावर प्रसिद्धीपूर्व आवृत्ती कदापि चढवू नये. बाजूस पडलेले जुने यंत्र घ्यावे. तेही नसल्यास पेन ड्राइव्हवरून संच चालवून पाहता येतो. तेव्हा मूळ तबकडीवर आपण होऊन काही न उतरविल्यास ती जशीच्या तशी राहते. केडीई निऑन या नावाने २०१६ पासून असे संच मिळतात व त्यांत सर्वसामान्यांसाठीचा आणि परीक्षकांसाठीचा असे वेगळे प्रकार आहेत. फेडोराच्या वतीने आवृत्ती निघण्यापूर्वी चाचणी-दिवस ठेवले जातात. त्यांत भाषांच्या चाचणीसाठीही वेगळे दिवस असतात.

मराठीची परीक्षा कोण घेणार?

भाषांचा हा उल्लेख आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. केरळमधील शासकीय शाळांतून संगणकशिक्षण अनेक वर्षे मुक्त आज्ञावलीवर दिले जात आहे. सी-डॅक या केंद्रीय संस्थेचा बॉस हा भारतीय संच २००७ पासून उपलब्ध आहे, आणि त्यातही डेस्कटॉप असतो तो अशाच जागतिक प्रकल्पांतून आलेला. तेव्हा तेथे राहिलेला दोष शेवटी आपल्या शाळेत पोहोचतो.

मराठीच्या काही गरजा अशा आहेत की बर्लिन वा बॉस्टन येथील परीक्षकास त्या दिसणारच नाहीत. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत पाठशाळा व स्वयंपाकघर एवढे अंतर आहे. दुसऱ्या शब्दातील र चे रूप हिंदीत नाही. त्यामुळे केवळ हिंदी तपासून देवनागरी झाली असे मानले, तर हे रूप तुटल्याचे कोणाच्या ध्यानातही येणार नाही. मराठी वळणाचे ल आणि श वेगळे आहेत; भाषा मराठी निवडल्यावर ते तसे उमटतात की नाही, हे पाहावे लागते. बटणाची उंची इंग्रजी अक्षरांवर बेतली असेल तर वरची वेलांटी वा रफार कापला जातो. भाषांतर करणाऱ्यापुढे बहुधा सुटे शब्द येतात. ‘ओपन’ यास ‘उघडा’ म्हणावे की ‘उघडलेले’, हे तो शब्द पडद्यावर आपल्या जागी पाहिल्याशिवाय कळत नाही. रेड हॅट कंपनीने मुक्त केलेल्या ‘लोहित’ या टंकमालिकेचे बरेचसे काम पुण्यातून झाले. केडीई व ग्नोम या दोहोंची मराठी भाषांतरेही झालेली आहेत. पण मजकूर दर आवृत्तीस बदलतो आणि बीटाच्या त्या काही आठवड्यांत मराठी निवडून पाहणारी माणसे मिळाली नाहीत, तर दोष तसाच पुढे जातो.

असा दोष कळविताना पडद्याचे छायाचित्र जोडावे, आणि शेजारी तो शब्द कसा दिसावयास हवा याचेही चित्र द्यावे, कारण अहवाल वाचणाऱ्यास देवनागरी येत असेल असे धरून चालता येत नाही. अक्षरे ज्या क्रमाने टंकली तो क्रम लिहावा. तोच शब्द दुसऱ्या टंकात टाकून पाहावा. तेथे तो बरोबर उमटला तर दोष बहुधा पहिल्या टंकाचा आहे, डेस्कटॉपचा नव्हे, आणि मग अहवाल त्या टंकाच्या कर्त्यांकडे पाठवावयाचा असतो.